काटा मारलेलं नाटक

आकडा जितका लहान तितका दर्जा मोठा, असं मला एखाद्या दुकानदाराने सांगितलं असतं तर मी त्याचा तराजू जागच्या जागी जप्त केला असता. पण हे वाक्य मला माझ्याच घरात, माझ्याच चहाचा कप हातात धरून, वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरनी ऐकवलं. मला ते मुकाट्याने ऐकून घ्यावं लागलं. कॉम्प्युटर त्यांच्यासमोर उघडा होता आणि त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

मी वजनमापं तपासणारा निरीक्षक. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं वजन, तळाला ठोकून वर उचललेलं माप, हे सगळं शोधून काढण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. घरात दूधसुद्धा मी मापून ओततो. अशा माणसाने घरातले सगळे सिनेमे एका पेटीत भरायचे ठरवले, तर ते काम तो कसं करील याची कल्पना बायकोला आधीच यायला हवी होती. पण तिला हवं होतं कपाट. एकशे बारा डिस्का आणि एक कॅसेट एवढ्यांनी तिचं एक अख्खं कपाट अडवलं होतं.

"सगळं त्या हार्ड डिस्कमध्ये घाला आणि कपाट मोकळं करा," ती म्हणाली. "पण कॅसेट नीट घाला हं. आपलं नाटक आहे त्यात."

आपलं नाटक म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या खात्याच्या स्नेहसंमेलनात झालेलं दोन अंकी नाटक. त्यात मी डॉक्टर होतो. डॉक्टर फक्त दुसऱ्या अंकात येतो, पण त्या अंकात एक जागा आहे. नायिका विचारते, "डॉक्टर, हे वाचतील ना?" यावर डॉक्टर काहीच बोलत नाही. तो डावीकडे वळतो, लांब कुठेतरी बघतो, आणि बऱ्याच वेळाने म्हणतो, "वाचतील. पण पूर्वीसारखे राहणार नाहीत." तो पॉज आमच्या खात्यात अजून सांगितला जातो. नवीन लागलेली माणसं मला ओळखतात ती त्या पॉजमुळे. आमचे तेव्हाचे हेडक्लार्क, जे नाटकाचे दिग्दर्शकही होते, ते तर निवृत्तीच्या भाषणातही पॉजवर पाच मिनिटं बोलले आणि बाकीच्यांचे आभार मानायचे राहून गेले.

बायको तेव्हा, लग्नाआधी, आमच्याच खात्यात टायपिस्ट होती. नाटकाच्या प्रती तिने टाइप केल्या म्हणून प्रॉम्प्टिंगही तिच्याच गळ्यात पडलं. कॅमेरा थोडा तिरका लावलेला होता, त्यामुळे डावीकडच्या विंगेचा काळा पडदा चित्रात आला होता, आणि त्या पडद्यापाशी ती उभी होती: गडद साडी, हातात वही, छोटा टॉर्च. आमच्या लेकीला तिने हे शंभरदा सांगितलं असेल. लेक दरवेळी म्हणायची, "आई, तू नाटकात नव्हतीस, नाटकाच्या बाजूला होतीस." त्यामुळे बायकोला ती कॅसेट लेकीला एकदा दाखवायची होती, बस्स. मलाही दाखवायची होती. कारण वेगळं होतं, एवढंच.

तर इंजिनिअर सांगत होते, "सिनेमा आहे तसा भरला तर जागा पुरायची नाही. त्याला एन्कोड करायचं. म्हणजे काय, डोळ्याला जे जाणवत नाही ते काढून टाकायचं. बघणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही."

"याला आमच्याकडे काटा मारणं म्हणतात," मी म्हणालो.

"तुमच्याकडे गुन्हा असेल, आमच्याकडे तंत्रज्ञान आहे."

मी मनात पक्कं केलं की माझ्या घरात काटा मारला जाणार असेल तर तो कमीत कमी मारला जाईल आणि माझ्या देखरेखीखाली मारला जाईल. दर्जाचा आकडा शून्यापासून एक्कावन्नपर्यंत होता. इंजिनिअर म्हणाले अठरा ठेवा. समोरच्या फार्मासिस्टबाई साखर मागायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आधी अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर बघा. सोसलं तर पुढे जा." सगळ्यांत शहाणा सल्ला हाच होता, पण तो साखरेच्या वाटीबरोबर आल्यामुळे इंजिनिअरनी त्याची दखल घेतली नाही. मी घेतली. एकाच तुकड्याचे मी सात नमुने केले, प्रत्येकावर फक्त क्रमांक घातला, आणि बायकोला टीव्हीसमोर बसवून कोणता चांगला ते विचारलं. तिने सगळ्यांत वाईट नमुना निवडला.

"यात हिरोचं पोट कमी दिसतंय," ती म्हणाली.

यापुढे घरच्यांचं मत घ्यायचं नाही असा मी ठराव केला. वेगाच्या रकान्यात 'अतिजलद'पासून 'अतिमंद'पर्यंत पर्याय होते. घाईने केलेल्या तपासणीला आमच्या खात्यात किंमत नसते, म्हणून मी तत्त्व म्हणून 'अतिमंद' निवडला. यंत्राने एका सिनेमाला एकोणीस तास लागतील असं कळवलं. एकशे बारा गुणिले एकोणीस हा गुणाकार मी कागदावर केला, उत्तर पाहिलं आणि कागद खिशात ठेवून दिला. सुरू केलेलं काम मी सोडत नाही. तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर अहोरात्र इस्त्रीसारखा तापलेला असे. बायको त्याच्या मागच्या झरोक्यावर पायमोजे वाळत घालू लागली. इंजिनिअरनी ते पाहिलं आणि दोन दिवस ते जिन्यात भेटले तरी बोलले नाहीत.

कॅसेटसाठी मात्र जुना प्लेअर हवा होता, आणि तो शहरात उरला होता फक्त आमच्या कार्यालयाच्या भांडारात. मी रीतसर अर्ज केला. स्टोअरकीपरनी अर्ज वाचला, रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा प्लेअर सात वर्षांपूर्वी निकालात काढलाय. म्हणजे तो नाहीये."

"तुमचा डबा ज्याच्यावर ठेवलाय ते काय आहे मग?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. "ते आहे. पण रजिस्टरला नाहीये. जी वस्तू नाही ती मी देऊ कशी?"

"नाहीच तर मी नेली काय आणि ठेवली काय, तुमचं काय जातंय?"

हे त्यांना पटलं. पण दारावर गेटपास लागतो, आणि नसलेल्या वस्तूचा गेटपास फाडता येत नाही. तीन दिवस ही फाईल, म्हणजे फाईलही नव्हतीच, आमच्या दोघांमध्ये फिरत राहिली. शेवटी त्या प्लेअरला दोरा बांधून, लाख लावून, 'तपासणीसाठी ताब्यात घेतलेले संशयित माप' अशी चिठ्ठी चिकटवून मी तो बाहेर काढला. दारावरच्या शिपायाने मला सलाम केला. तीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही पहिली बनवाबनवी, आणि ती बायकोच्या कपाटासाठी होती. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

कॅसेट चालली. पूर्ण नाटक कॉम्प्युटरमध्ये उतरलं आणि शेवटच्या टाळीला प्लेअरने एक आवंढा गिळल्यासारखा आवाज केला. झाकण उघडलं तर फीत आतल्या चाकांना गुंडाळून तिचं भजं झालेलं होतं. मी फारसा घाबरलो नाही. कच्ची फाईल हातात आली होती. ती अवाढव्य होती, पण होती.

रविवारी सकाळी, बायको बाहेर गेलेली असताना, मी कानाला हेडफोन लावून नाटक तपासायला बसलो. आणि पहिल्यांदाच, सत्तावीस वर्षांनी, मला आमचं नाटक नीट ऐकू आलं.

कॅमेऱ्याचा माइक विंगेच्या बाजूला होता. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं. आधी डावीकडून बारीक आवाजात, मग रंगमंचावरून मोठ्याने. दुसरा अंक आला. मी प्रवेश केला. नायिकेने विचारलं, "डॉक्टर, हे वाचतील ना?" मी वळलो. लांब पाहिलं. आणि हेडफोनमध्ये ऐकू आलं:

"वाचतील."

शांतता.

"वाचतील."

पुन्हा शांतता. मग जरा चिडून, "अहो, वाचतील म्हणा!"

मग मी म्हणालो, "वाचतील."

मी लांब बघत नव्हतो. मी विंगेतल्या बायकोच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाक्य आठवत नव्हतं, आणि पहिल्या दोन वेळा ऐकूही आलं नव्हतं. खात्याचा तो प्रसिद्ध पॉज म्हणजे अकरा सेकंदांची माझी बोंब होती. अकराच, मी स्टॉपवॉच लावून तीनदा मोजली.

आता इथे मी जे केलं ते सरळ सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये 'नको असलेला आवाज काढा' असा एक रकाना होता. नको असलेल्या आवाजाचा नमुना निवडा, असं तो म्हणत होता. मी आधी पंख्याची घरघर निवडली. मग कुणाच्या तरी खोकल्याचा तुकडा निवडला. नाटकात प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांना ऐकू येणं हा दोषच असतो, दोष काढणं हे माझं कामच आहे, दिग्दर्शकसाहेबांचीही हीच इच्छा असती, अशी कारणं मी एकापाठोपाठ एक रांगेने उभी केली. आणि मग विंगेतल्या आवाजाचा नमुना निवडून तीव्रतेचा काटा 'कमाल'वर नेला.

चित्राच्या पानावर 'काळ्या पट्ट्या आपोआप कापा' असं आधीच टिक केलेलं होतं. इंजिनिअर म्हणाले होते, ती खूण राहू दे, काळ्या पट्ट्या फुकटची जागा खातात. मी राहू दिली. ही मात्र देवाशपथ माझी लबाडी नव्हती.

एकोणीस तासांनी तयार झालेलं नाटक मी फक्त पॉजपाशी पाहिलं. अकरा सेकंद संपूर्ण शांतता. मी अनंताकडे बघतोय. अंगावर काटा आला. समाधानाने मी कच्ची फाईल पुसली आणि कचरापेटीही रिकामी केली. खोटं वजन सापडलं की आम्ही ते ठोकून नष्ट करतो. त्या दिवशी मी खरं वजन नष्ट केलं, पण सवय तीच होती.

पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता प्रयोग ठेवला. लेक आली. दिग्दर्शकसाहेब काठी टेकत आले. इंजिनिअर आले, फार्मासिस्टबाई आल्या. बायकोने चष्मा दोनदा पुसला आणि लेकीला आपल्या शेजारी बसवून घेतलं. "डावीकडे बघत राहा हं," ती म्हणाली. "टॉर्च लुकलुकतो बघ."

नाटक सुरू झालं. लेक डावीकडे बघत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बायको उठली, टीव्हीजवळ गेली आणि चौकटीच्या डाव्या कडेला वाकून पाहिलं, जणू चित्र टीव्हीच्या मागे कुठे वळून गेलंय.

"इथे विंग होती," ती म्हणाली.

"काळी पट्टी समजून कापली असणार," इंजिनिअर म्हणाले. "तुमची साडीही काळपट होती ना? यंत्राला काय कळतंय!"

"बरं," असं म्हणून ती जागेवर येऊन बसली. "आवाज येईल माझा. दुसऱ्या अंकात तर चांगला येतो."

मी खुर्चीत अवघडून बसलो. दुसरा अंक आला. दिग्दर्शकसाहेब पुढे सरसावले, "आता बघा, आता बघा!" नायिकेने विचारलं. मी वळलो. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं अशी शांतता झाली. अकरा सेकंदांनी मी "वाचतील" म्हणालो, आणि साहेबांनी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. फार्मासिस्टबाईंनी डोळे टिपले. बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं. पंख्याची घरघर गेली, खोकला गेला, ती गेली. तिला हिशेब लागायला वेळ लागला नाही.

"चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

लेक मला हळूच म्हणाली, "बाबा, आई खरंच होती का हो त्यात?"

त्यानंतर चार दिवस बायको माझ्याशी अगदी नीट वागली. यापेक्षा वाईट काही नसतं. "जेवायला चला," "किल्ली घेतली का," एवढंच. कपाट मोकळं झालं होतं, पण त्यात तिने काही ठेवलं नाही.

मी पुन्हा कंबर कसली. पुसलेली फाईल परत आणायचं सॉफ्टवेअर इंजिनिअरनी दिलं. त्याने आठ फायली परत आणल्या, त्यातल्या सात माझ्या नमुन्यांच्या होत्या आणि एक नुसतीच रिकामी. फीत प्लेअरमधून सोडवायला आम्ही दोघं चिमटा घेऊन एक संध्याकाळ बसलो. नेमका दुसरा अंक बटाट्याच्या सालीसारखा तुकड्यातुकड्यांनी सुटून आला. स्टोअरकीपरकडे गेलो, खात्याची म्हणून दुसरी एक प्रत होती. त्यांनी रजिस्टर पाहिलं. "तीही निकालात काढलीय. आणि ती खरोखरच नाहीये."

"आणि प्लेअर?"

"तो परत आणू नका. नसलेली वस्तू जमा करून घ्यायला फॉर्म नाही."

घरी येताना मी वाटेत एका दुकानदाराला पारड्याखाली चुंबक लावताना पकडलं. तो गयावया करून म्हणाला, "साहेब, एवढ्याने गिऱ्हाइकाला काय कळतंय?" एरवी मी त्याला अर्धा तास झोडपलं असतं. त्या दिवशी मी पंचनामा तेवढा लिहिला आणि निघालो.

घरी आलो आणि उभ्याउभ्याच बायकोला सांगितलं. "विंग यंत्राने कापली. आवाज मी काढला. मुद्दाम. पॉजसाठी."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"पंख्याबरोबर माझा आवाज थोडाफार जाणं समजू शकते मी. पण नेमकं माझंच तेवढं सगळं गेलं आणि तुमचा एक शब्द गेला नाही." तिने मोकळ्या कपाटाचं दार लावलं. "माझं तेवढंच होतं हो त्यात. तुम्ही तर अख्ख्या खात्याला माहीत आहात."

मी फक्त विचारलं, "तुला सगळी वाक्यं आठवतात?"

"सगळ्यांची आठवतात. तुमची जरा जास्त. जास्त वेळा सांगावी लागायची."

रविवारी दुपारी चार वाजता मी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. "परत?" इंजिनिअर म्हणाले. "परत," मी म्हणालो, "गेल्या वेळी माप कमी पडलं होतं." टीव्हीच्या डाव्या बाजूला, जिथे विंग असायला हवी होती तिथे, मी एक खुर्ची ठेवली. खिडकीला काळी चादर लावली. बायकोच्या हातात एक वही दिली, ती कोरीच होती, आणि एक छोटा टॉर्च दिला. तिने आधी "काहीतरीच" म्हटलं, मग आत जाऊन साडी बदलून आली. गडद नेसली होती.

नाटक सुरू झालं. टीव्हीतल्या प्रत्येक वाक्याच्या अर्धा श्वास आधी खुर्चीतून तिचा बारीक आवाज यायचा. एकही वाक्य चुकलं नाही. कोऱ्या वहीवर टॉर्च धरून ती पानं उलटत होती, आणि पानं बरोबर जागी उलटत होती. लेक खाली जमिनीवर सरकत सरकत खुर्चीपाशी जाऊन बसली. आता ती टीव्हीकडे बघतच नव्हती.

दुसरा अंक आला. मी प्रवेश केला. नायिकेने विचारलं, "डॉक्टर, हे वाचतील ना?" टीव्हीतला मी वळलो आणि थेट त्या खुर्चीकडे बघू लागलो.

आणि बायकोने टॉर्च विझवला. ती बोललीच नाही.

एक सेकंद, दोन सेकंद. दिग्दर्शकसाहेब कुजबुजले, "काय पॉज आहे!" मला कळलं ती काय करत होती ते. माझी अब्रू झाकत होती. सत्तावीस वर्षं झाकलीच होती, आता अंधारात बसूनही झाकत होती. तीन सेकंद, चार. मी उठून उभा राहिलो.

"अगं, सांग ना," मी म्हणालो. "मला आठवत नाहीये."

सगळे माझ्याकडे वळले. टॉर्च लागला.

"वाचतील," ती म्हणाली.

टीव्हीतला मी तसाच मख्ख उभा.

"वाचतील."

काही नाही. तिने वही मांडीवर आपटली. "अहो, वाचतील म्हणा!"

"वाचतील," टीव्हीतला डॉक्टर म्हणाला.

आधी लेक हसली, मग फार्मासिस्टबाई, मग सगळीच खोली. दिग्दर्शकसाहेब तेवढे हसले नाहीत. ते काठीवर हनुवटी टेकवून एकदा टीव्हीकडे, एकदा खुर्चीकडे बघत होते.

"म्हणजे तो पॉज..." ते म्हणाले.

"हिने सांगेपर्यंतचा वेळ होता, साहेब," मी म्हणालो. "आणि तिने मला आयुष्यात पहिल्यांदा 'अहो' म्हटलं ते तिथे. ते मी पुसून टाकलं होतं."

बायकोने टॉर्चचा झोत थेट माझ्या तोंडावर मारला.

"बसा खाली," ती म्हणाली. "पुढचं वाक्यही तुम्ही विसरला होतात."